कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे की नाही, हे फुकटात कसं तपासायचं?

लॅपटॉप अचानक रडतखडत चालायला लागतो. ब्राउझर उघडला की भलतंच सर्च इंजिन समोर येतं. किंवा तुमच्या फेसबुकवरून मित्रमंडळींना तुम्ही न पाठवलेले मेसेज जायला लागतात. अशा वेळी पहिली शंका येते ती व्हायरसचीच. ती खरी की खोटी, हे तपासायला एक रुपयाही खर्च करावा लागत नाही. त्यासाठी 'ऑन-डिमांड स्कॅनर' नावाची मोफत साधनं आहेत आणि ती चांगल्या, नावाजलेल्या कंपन्यांनी बनवलेली आहेत. अडचण एवढीच, की 'फ्री व्हायरस स्कॅन' हे तीन शब्द फसवणूक करणाऱ्यांनाही तितकेच आवडतात. त्यामुळे खरं साधन कोणतं, ते कसं वापरायचं आणि त्याने काय होत नाही, हे सगळं आधी समजून घेतलेलं बरं. इथली बहुतेक माहिती विंडोज कॉम्प्युटरसाठी आहे, कारण घरोघरी तेच जास्त दिसतात.

ऑन-डिमांड म्हणजे नेमकं काय?

अँटीव्हायरस दोन पद्धतींनी काम करतो. पहिली पद्धत 'रिअल-टाइम'. यात अँटीव्हायरस चोवीस तास जागा असतो आणि तुम्ही उघडलेली, डाउनलोड केलेली प्रत्येक फाइल तपासतो. सोसायटीच्या गेटवरच्या वॉचमनसारखं त्याचं काम. दुसरी पद्धत 'ऑन-डिमांड'. तुम्ही बटण दाबाल तेव्हाच तो उठतो, कॉम्प्युटरची झडती घेतो, सापडलं ते दाखवतो आणि बंद होतो. त्यानंतर पाच मिनिटांनी तुम्ही एखादी घातक फाइल उघडलीत, तर तो काहीही करणार नाही.

मग वॉचमन असताना झडतीची गरज काय? एक तर, प्रत्येक कंपनीची व्हायरस ओळखण्याची पद्धत आणि यादी वेगळी असते, त्यामुळे एकाच्या नजरेतून सुटलेलं दुसऱ्याला सापडू शकतं. दुसरं म्हणजे, काही व्हायरस आत शिरल्यावर आधी वॉचमनचाच बंदोबस्त करतात. अँटीव्हायरस बंद पाडतात किंवा त्याचे अपडेट अडवतात. अशा वेळी बाहेरून आणलेला, ताजा स्कॅनर उपयोगी पडतो.

आता कोणी म्हणेल, मग सरळ दोन अँटीव्हायरस टाकूया की! तसं करू नका. रिअल-टाइमचे दोन प्रोग्रॅम एकाच फाइलवर एकाच वेळी हात घालतात, एकमेकांच्या पायात पाय अडकवतात आणि मशीन आणखी संथ होतं. ऑन-डिमांड स्कॅनरचा असा त्रास नसतो. एक कायमचा अँटीव्हायरस आणि शंका आली तर दुसऱ्याचं मत, ही पद्धत सगळ्यात सोयीची.

खरं तर सुरुवातीच्या काळात झडती हीच मुख्य पद्धत होती. फ्लॉपी आली, आधी स्कॅन केली, मग वापरली. पुण्याच्या क्विक हीलचा जन्मही अशाच गरजेतून झाला. साताऱ्याजवळच्या रहिमतपूरचे कैलाश काटकर पुण्यात कॉम्प्युटर दुरुस्तीचा व्यवसाय करत. दुरुस्तीला येणाऱ्या मशीनमध्ये व्हायरस सापडायला लागले, तेव्हा कॉम्प्युटर शिकत असलेला त्यांचा धाकटा भाऊ संजय याने ते काढण्यासाठी प्रोग्रॅम लिहिला. नव्वदच्या दशकात त्यातूनच पुढे कंपनी उभी राहिली.

आधी घरातलंच वापरा

विंडोज १० किंवा ११ असेल, तर बाहेरचं काही शोधण्याआधी 'मायक्रोसॉफ्ट डिफेंडर' वापरा. तो विंडोजबरोबरच येतो. स्टार्ट मेनूमध्ये 'विंडोज सिक्युरिटी' उघडा, 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन'वर जा आणि 'स्कॅन ऑप्शन्स' निवडा. तिथे क्विक, फुल, कस्टम आणि ऑफलाइन असे पर्याय दिसतील. क्विक स्कॅन व्हायरस सहसा जिथे दबा धरून बसतात त्या जागा बघतो आणि काही मिनिटांत संपतो. फुल स्कॅनला काही तास लागू शकतात. तो रात्री लावावा, चार्जर जोडून आणि लॅपटॉप झोपी जाणार नाही अशी सेटिंग करून.

यातला सगळ्यात कामाचा आणि सगळ्यात दुर्लक्षित पर्याय म्हणजे ऑफलाइन स्कॅन. काही व्हायरस विंडोज चालू असताना स्वतःला इतके खोल लपवतात, की विंडोजच्या आतून शोधणाऱ्या स्कॅनरला ते दिसतच नाहीत. ऑफलाइन स्कॅनमध्ये कॉम्प्युटर रिस्टार्ट होतो आणि नेहमीचं विंडोज सुरू होण्याआधीच तपासणी होते. व्हायरस अजून जागा झालेला नसतो, त्यामुळे त्याला लपता येत नाही. साधारण पंधरा मिनिटं लागतात. फक्त आधी उघडी कामं सेव्ह करा. निकाल नंतर 'प्रोटेक्शन हिस्टरी'मध्ये दिसतो.

तुम्ही दुसऱ्या कंपनीचा अँटीव्हायरस टाकला असेल, तर डिफेंडर आपोआप बाजूला होतो. पण त्याच पानावर 'पिरिऑडिक स्कॅनिंग'चा पर्याय चालू केला, की तो अधूनमधून झडती घेत राहतो आणि मुख्य अँटीव्हायरसशी भांडत नाही. म्हणजे दुसरं मत घरबसल्या मिळालं.

एक खुलासा इथेच केलेला बरा. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. स्कॅनर कितीही चांगला असला तरी तो विंडोजमधली भोकं बुजवत नाही, फक्त त्यातून आत आलेल्याला शोधतो.

बाहेरचे कोणते स्कॅनर घ्यावेत?

डिफेंडरला काही सापडलं नाही आणि तरीही शंका जात नसेल, तर बाहेरचा स्कॅनर घ्यायचा. मायक्रोसॉफ्टचाच 'सेफ्टी स्कॅनर' नावाचा वेगळा प्रोग्रॅम आहे. तो इन्स्टॉल करावा लागत नाही, नुसता डाउनलोड करून चालवायचा. डाउनलोड केल्यापासून दहा दिवसांनी त्याची मुदत संपते, म्हणजे प्रत्येक वेळी ताजाच घ्यावा लागतो. याची एक खोड आधीच सांगून ठेवतो. स्कॅन चालू असताना तो 'इतक्या फाइल्स संसर्गित' असा आकडा दाखवतो आणि शेवटी मात्र काहीच सापडलं नाही म्हणतो. बरेच लोक इथे घाबरतात. मधला आकडा हा नुसत्या संशयितांचा असतो, पक्की पडताळणी शेवटी होते. त्यामुळे शेवटचा निकालच खरा धरा. सविस्तर रिपोर्ट हवा असेल, तर सी ड्राइव्हवरच्या विंडोज फोल्डरमध्ये 'डीबग' नावाचा फोल्डर असतो, त्यात तो मिळतो.

'मालवेअरबाइट्स' या प्रोग्रॅमचं नाव बहुतेकांनी ऐकलेलं असतं. इन्स्टॉल केल्यावर तो काही दिवस पैसेवाल्या आवृत्तीची चव देतो, पण ती मुदत संपली की मोफत आवृत्ती उरते आणि ती फक्त ऑन-डिमांड असते. ब्राउझरचं होमपेज बदलणं, नको ते टूलबार, जाहिरातींचा पाऊस अशा तक्रारींसाठी याच कंपनीचा 'अ‍ॅडवक्लीनर' जास्त सोपा आहे. छोटीशी फाइल, इन्स्टॉल करायची गरज नाही.

'ईसेट ऑनलाइन स्कॅनर' हाही चांगला आहे. नावात 'ऑनलाइन' असलं तरी तो डाउनलोड करून कॉम्प्युटरवरच चालवावा लागतो. नको असलेले प्रोग्रॅमही शोधायचे का, हे तो सुरुवातीलाच विचारतो, तिथे 'हो' म्हणा. 'एमसिसॉफ्ट इमर्जन्सी किट' पेन ड्राइव्हवर ठेवून कुठल्याही कॉम्प्युटरवर चालवता येतो. गावाकडच्या काकांचा कॉम्प्युटर बघायला जाताना खिशात असू द्यावा असाच आहे. घरगुती वापरासाठी तो मोफत आहे. 'डॉक्टर वेब क्युअरइट' आणि 'कॅस्परस्की व्हायरस रिमूव्हल टूल' हेही याच जातीचे. कॅस्परस्की ही रशियन कंपनी. तिच्या उत्पादनांवर अमेरिकेने २०२४ मध्ये बंदी घातली, हे ज्यांना खटकतं त्यांच्यासाठी वर बरेच पर्याय आहेत. 'नॉर्टन पॉवर इरेझर' मात्र शेवटचा उपाय म्हणूनच वापरा. तो मुद्दाम आक्रमक बनवला आहे आणि चांगल्या प्रोग्रॅमवरही बोट ठेवू शकतो, असं कंपनी स्वतःच सांगते.

सरकारी पर्यायही आहे, याची अनेकांना कल्पना नसते. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने फेब्रुवारी २०१७ मध्ये 'सायबर स्वच्छता केंद्र' सुरू केलं. त्याच्या वेबसाइटवर क्विक हील आणि ई-स्कॅन अशा भारतीय कंपन्यांची मोफत 'बॉट रिमूव्हल' साधनं ठेवलेली आहेत. बॉट म्हणजे तुमच्या नकळत तुमचा कॉम्प्युटर दुसऱ्याच्या हुकमावर चालवणारा प्रोग्रॅम. पत्ता आहे सीएसके डॉट जीओव्ही डॉट इन.

या सगळ्यांतला एकच निवडायचा असेल, तर आधी डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन आणि मग मालवेअरबाइट्स किंवा ईसेट, एवढं पुरेसं आहे. सातआठ स्कॅनर एकामागून एक चालवून काही वेगळं हाती लागत नाही, नुसती धास्ती वाढते.

फक्त एकच फाइल संशयास्पद वाटत असेल, तर पूर्ण कॉम्प्युटर स्कॅन करायचीही गरज नाही. 'व्हायरसटोटल' या वेबसाइटवर ती फाइल टाकली की सत्तरच्या आसपास अँटीव्हायरस तिची तपासणी करतात. स्पेनमध्ये २००४ साली सुरू झालेली ही सेवा २०१२ मध्ये गुगलने विकत घेतली. सत्तरांपैकी एखाददुसऱ्याने लाल शेरा मारला तर तो चुकीचाही असू शकतो, पण वीसपंचवीस जण ओरडत असतील तर फाइल उघडू नका. मात्र तिथे टाकलेली फाइल इतर सुरक्षा कंपन्यांनाही मिळते. त्यामुळे आधार कार्ड, पगाराची स्लिप, बँकेचं स्टेटमेंट तिथे कधीही टाकू नये.

रिपोर्ट आला, आता काय?

यादीत दहा-पंधरा नावं दिसली म्हणून हबकून जाऊ नका. 'ट्रॅकिंग कुकी' म्हणजे व्हायरस नव्हे. 'पीयूपी' असं लिहिलेलं असेल, तर तो नको असलेला पण थेट घातक नसलेला प्रोग्रॅम असतो, बहुतेक वेळा दुसऱ्या सॉफ्टवेअरबरोबर गुपचूप आलेला. 'ट्रोजन', 'स्टीलर', 'बॅकडोअर', 'रॅन्समवेअर' हे शब्द दिसले, तर मात्र गंभीर व्हायचं.

सापडलेली फाइल लगेच 'डिलीट' करू नका, 'क्वारंटाइन' करा. म्हणजे ती कोंडून ठेवली जाते आणि चूक निघाली तर परत आणता येते. चूक कुणाचीही होते. एप्रिल २०१० मध्ये मॅकअफीच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीमधली स्वतः विंडोजचीच एक महत्त्वाची फाइल व्हायरस ठरवली आणि जगभरातले कॉम्प्युटर पुन्हा पुन्हा रिस्टार्ट व्हायला लागले.

आणि काहीच सापडलं नाही तर? मग बऱ्याचदा खरंच काही नसतं. लॅपटॉप संथ असण्याची कारणं सहसा साधी असतात. जुनी हार्ड डिस्क, कमी रॅम, स्टार्टअपला उघडणारे ढीगभर प्रोग्रॅम. स्क्रीनच्या कोपऱ्यात सारख्या येणाऱ्या भीतीदायक सूचना तर अनेकदा व्हायरस नसतातच. कधीतरी एखाद्या वेबसाइटला 'अलाऊ' दाबून आपणच नोटिफिकेशनची परवानगी दिलेली असते. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन ती साइट यादीतून काढली की त्रास संपतो.

पेन ड्राइव्हमधले फोटो गेले?

झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढायला पेन ड्राइव्ह दिला आणि घरी आल्यावर सगळ्या फोल्डरच्या जागी शॉर्टकट दिसायला लागले, हा अनुभव आपल्याकडे फार जणांना आहे. हा व्हायरस खरे फोल्डर लपवतो आणि त्याच नावाचे शॉर्टकट तयार करतो. त्यावर क्लिक केलं की तो तुमच्या कॉम्प्युटरमध्ये शिरतो.

स्कॅनर ते शॉर्टकट काढून टाकतो आणि पेन ड्राइव्ह रिकामा दिसायला लागतो. इथे लोक घाबरून फॉरमॅट मारतात आणि लग्नाचे फोटो खरोखरच घालवून बसतात. थांबा. फाइल्स बहुधा तिथेच असतात, फक्त लपलेल्या. पेन ड्राइव्हवर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज' बघा. जागा भरलेली दिसत असेल, तर माल आत आहे. फाइल एक्सप्लोररच्या 'फोल्डर ऑप्शन्स'मध्ये 'व्ह्यू' या टॅबवर लपलेल्या फाइल्स दाखवायचा पर्याय निवडा आणि 'हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स'समोरची खूण काढा. फोल्डर पुसट रंगात दिसायला लागतील. ते कॉम्प्युटरवर कॉपी करून घ्या आणि मगच पेन ड्राइव्ह फॉरमॅट करा.

'फ्री स्कॅन'चा धंदा

ब्राउझ करता करता पूर्ण स्क्रीनभर लाल पट्टी येते, भोंगा वाजतो, 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये १३ व्हायरस सापडले, ताबडतोब या नंबरवर फोन करा'. एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: कुठलंही वेबपेज तुमची हार्ड डिस्क स्वतःहून तपासू शकत नाही. ब्राउझर त्याला ती मुभाच देत नाही. म्हणजे समोर दिसतंय ते निव्वळ चित्र. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणं एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि ब्राउझर बंद करा. त्या नंबरवर फोन करू नका. पलीकडचा माणूस 'रिमोट'चा अ‍ॅप टाकायला लावतो आणि मग बँक खात्याची वाट लागते. पैसे गेलेच, तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करा.

असले प्रकार फक्त भुरटे चोरच करतात असंही नाही. अमेरिकेतल्या 'ऑफिस डेपो' या मोठ्या दुकानांच्या साखळीत ग्राहकांना 'पीसी हेल्थ चेक' नावाची मोफत तपासणी करून मिळायची. सुरुवातीला चार प्रश्न विचारले जायचे: कॉम्प्युटर संथ झालाय का, मध्येच बंद पडतो का, अशा प्रकारचे. एका जरी प्रश्नाला 'हो' म्हटलं, की प्रोग्रॅम व्हायरसची लक्षणं सापडल्याचा निकाल द्यायचा. खरी झडती त्या निकालाला कारणच नव्हती. मग दुरुस्तीचं बिल. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने या आरोपांवरून कारवाई केली आणि २०१९ मध्ये ऑफिस डेपोने अडीच कोटी डॉलर, तर सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या सपोर्ट डॉट कॉमने एक कोटी डॉलर भरून प्रकरण मिटवलं. त्यामुळे स्कॅन फुकट आणि सफाईला पैसे, असा मामला दिसला की आधी दुसऱ्या स्कॅनरने पडताळणी करा. वर सांगितलेल्या साधनांपैकी मायक्रोसॉफ्ट, मालवेअरबाइट्स, ईसेट हे सगळे सापडलेलं काढूनही फुकटातच देतात.

दुसरा सापळा डाउनलोडचा. २०२४ मध्ये सुरक्षा संशोधकांना अवास्ट, बिटडिफेंडर आणि मालवेअरबाइट्स यांच्या हुबेहूब नकली वेबसाइट सापडल्या. तिथून अँटीव्हायरस म्हणून जे मिळायचं, ते पासवर्ड चोरणारं सॉफ्टवेअर होतं. म्हणून सर्चमध्ये वर दिसणाऱ्या 'स्पॉन्सर्ड' लिंकवर क्लिक न करता कंपनीचा पत्ता स्वतः टाइप करा. डाउनलोड झालेल्या फाइलवर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज'मध्ये 'डिजिटल सिग्नेचर्स' हा टॅब बघा. तिथे त्याच कंपनीचं नाव हवं. टॅबच नसेल, तर फाइल उडवा. व्हॉट्सअ‍ॅप किंवा टेलिग्रामवर आलेला 'प्रीमियम अँटीव्हायरस क्रॅकसहित' तर बघायचाही नाही.

सोशल मीडियावर पेज किंवा चॅनेल चालवणाऱ्यांनी आणखी सावध राहावं. गुगलच्या सुरक्षा पथकाने ऑक्टोबर २०२१ मध्ये यूट्यूबर्सना लक्ष्य करणाऱ्या एका टोळीची माहिती जाहीर केली. 'आमच्या अँटीव्हायरसचा रिव्ह्यू करा, पैसे देऊ' असे ईमेल यायचे. ते सॉफ्टवेअर चालवलं, की ब्राउझरमधल्या लॉगिनच्या कुकी चोरीला जायच्या आणि पासवर्ड किंवा ओटीपी न लागता अख्खं चॅनेल दुसऱ्याच्या ताब्यात जायचं.

सफाई झाली, पण चोरी गेलेल्याचं काय?

स्कॅनर चोराला घराबाहेर काढतो, पण त्याने आधीच नेलेलं परत आणत नाही. रिपोर्टमध्ये 'स्टीलर' किंवा तसलं काही दिसलं असेल, तर ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले सगळे पासवर्ड बाहेर गेले असंच धरून चाला.

पासवर्ड बदलायचे ते त्याच कॉम्प्युटरवरून नाही, मोबाइलवरून किंवा दुसऱ्या स्वच्छ मशीनवरून. सुरुवात ईमेलपासून करा, कारण ईमेल हातात असला की बाकी सगळ्यांचे पासवर्ड बदलता येतात. मग बँक, मग फेसबुक आणि इन्स्टाग्राम. नुसता पासवर्ड बदलून थांबू नका. जीमेल, फेसबुक, इन्स्टाग्राम या सगळ्यांत 'तुम्ही कुठे कुठे लॉगिन आहात' याची यादी असते, तिथून सगळ्या डिव्हाइसमधून लॉगआउट करा. चोरीला गेलेली कुकी त्याशिवाय निकामी होईलच असं नाही. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये 'लिंक्ड डिव्हाइसेस' उघडून अनोळखी कॉम्प्युटर दिसला तर काढून टाका. टू-स्टेप व्हेरिफिकेशन नसेल, तर त्याच बैठकीत चालू करा.

रॅन्समवेअरने फाइल्सना कुलूप लावलं असेल, तर स्कॅनर रॅन्समवेअर काढेल, पण कुलूप उघडणार नाही. त्या फाइल्स डिलीट करू नका, एका वेगळ्या डिस्कवर ठेवा. 'नो मोअर रॅन्सम' या वेबसाइटवर अनेक प्रकारच्या रॅन्समवेअरच्या किल्ल्या मोफत मिळतात. युरोपोल, डच पोलीस आणि काही सुरक्षा कंपन्यांनी मिळून ती २०१६ मध्ये सुरू केली. आज किल्ली नसली तरी पुढे मिळण्याची शक्यता असते. 'स्टॉप' नावाचं रॅन्समवेअर क्रॅक सॉफ्टवेअरमधून घरगुती कॉम्प्युटरमध्ये पसरलं होतं. ऑक्टोबर २०१९ मध्ये एमसिसॉफ्टने त्याच्या १४८ प्रकारांसाठी मोफत साधन आणलं, तेव्हा कुलूपबंद फाइल्स जपून ठेवलेल्या अनेकांना त्या परत मिळवता आल्या.

दोन-तीन स्कॅनर चालवूनही तोच व्हायरस पुन्हा पुन्हा उगवत असेल, तर हट्ट सोडा. फोटो, कागदपत्रं वेगळ्या डिस्कवर घ्या, विंडोज नव्याने टाका आणि डिफेंडर अपडेट झाल्यावर ती डिस्क जोडून, उघडण्याआधी तिच्यावर कस्टम स्कॅन लावा.